दोन त्यांना, दोन यांना

महापालिकेचा निकाल लागून तीन दिवस झाले होते. मोशीतल्या त्या गल्लीत सकाळी अजिंक्यची बुलेट येऊन थांबली, तेव्हा ज्योतीरामने ओळखलं की हा काही पेढे घेऊन आलेला नाही.

अजिंक्य म्हणजे निरंजनशेठचा माणूस. शेठ निवडून आले होते, पण अगदी काठावर. ज्योतीराम मूळचा परभणीकडचा, चाकणला कंपनीत आयुष्य घालवून रिटायर झालेला. गल्लीत कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, टोकाला चार घरं कोकणातली. जो तो गावाकडचा पक्ष भांड्याकुंड्यांबरोबर घेऊन आलेला. या सगळ्यांची मतं शेठच्या पदरात टाकतो, असा शब्द ज्योतीरामने दिला होता. बदल्यात गल्लीत नळ यायचा होता. टँकरमागे ड्रम ओढून ओढून त्याच्या बायकोचे, सावित्रीबाईचे गुडघे गेले होते. त्याला दुसरं काही नको होतं.

"काका, हा आपल्या मतदान केंद्राच्या मोजणीचा कागद. बघा जरा." अजिंक्य ओट्यावर टेकला. "प्रभागात जागा चार, माणशी मतं चार. पहिल्या दोन जागांना तुमच्या गल्लीनं आमच्या पॅनलला भरभरून दिलं. तिसऱ्या जागेला शेठ उभे, तिथं निम्मीच! चौथीलाबी तेच. शेठलाच पाडायचं ठरलं होतं व्हय?"

ज्योतीरामने चष्मा पुसून कागद दोनदा पाहिला.

"सगळ्यांनी शपथेचा भंडारा उचलला होता रे. याच ओट्यावर, माझ्यासमोर."

"मग खोबऱ्याबरोबर खाऊन टाकला म्हणायचा!" अजिंक्य हसला आणि आवाज खाली आणत म्हणाला, "शेठचा राग तुमच्यावर न्हाई. कोण फुटलं तेवढं सांगा. ती कोकणातली घरं असणार. नळ तुमच्या दारापर्यंत आणू, पुढं बंद. तुमचं काम झालं, शेठचा मान राहिला."

गल्लीच्या टोकाला कोकणातली शालनबाई दोरीवर कपडे टाकत होती. नुसतं हो म्हणायचं होतं. ज्योतीराम पाणी आणतो म्हणून आत गेला.

आत सावित्रीबाई तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"कोकणातल्यांचं नाव घेऊ नका."

"का? तुला काय ठावं?"

"तुमी दवाखान्यात गेलता, त्या दिशी दुसऱ्या पॅनलचे लोक आले. त्यांनीबी भंडाऱ्याचं ताट फिरवलं. देवाच्या भंडाऱ्याला न्हाई कसं म्हणावं?"

"मग?"

"मग काय? मतं चार हायेत. आधी ज्यांचा उचलला त्यांना वरची दोन, मागून आले त्यांना खालची दोन. कुणाशी खोटं न्हाई. समद्या बायांनी तसंच केलं."

"आन तू?"

"मी काय देवाला येगळी हाय?"

ज्योतीराम पालथ्या घागरीवर बसला. रागवायचं तरी कुणावर? बायका कबूल झाल्या होत्या, तरी खात्री वाटेना म्हणून भंडाऱ्याची शक्कल त्यानेच काढली होती. पलीकडच्यांनी ती नुसती उचलली. आणि चार मतं असतात हे बायकांना बोटांवर मोजून शिकवणाराही तोच. शेठ पहिल्या जागेला उभे असते, तर आज पेढे आले असते.

पाण्याचा तांब्या घेऊन तो बाहेर आला.

"नावं पाहिजेत ना? लिव. पहिलं नाव सावित्रीबाई. माझ्याच घरातलं."

"काका, चेष्टा नका करू."

"या वयात कसली चेष्टा. पाणी पी."

अजिंक्यने त्याच्याकडे निरखून पाहिलं. पाणी न पिताच तो उठला. "मग नळ विसरा, काका." बुलेटला किक मारून निघून गेला.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. सावित्रीबाई गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली.

"बस तू," ज्योतीराम म्हणाला, आणि ड्रम ओढत गल्लीच्या तोंडाशी गेला.

शालनबाईने आपल्या ड्रमपुढे त्याला जागा करून दिली.

"काका, नळाचं काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार," ज्योतीराम म्हणाला. "पाइप धर नीट. सांडतंय."