पंतांचा नकार

"रस्ता मोकळा आहे हो, खडासुद्धा नाही," दुकानाच्या पायरीवरून शिंपीकाका म्हणाले. "तुमच्या पंतांना आता पेन्शन द्या."

पंत म्हणजे कुत्रा. इस्पितळातल्या टेलिफोन ऑपरेटरला गेली नऊ वर्षं तो रस्ता दाखवत होता, आणि चेहरा कायम असा गंभीर की सगळे त्याला पंत म्हणत. ऑपरेटर जन्मांध, आणि ताडासारखा उंच. पंतांच्या पाठीवरच्या पट्ट्याची दांडी हातात आली की तो अशा तोऱ्यात चाले, की नवख्याला वाटावं, हाच कुत्र्याला फिरवायला निघालाय.

आज सलग चौथ्या सकाळी पंत त्याच जागी अडले होते. 'पुढे' म्हटलं तरी पाय रोवून उभे. कुत्र्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हुकूम पाळायला कुणीही शिकतं, हा वेळेला हुकूम मोडायला शिकलाय. अडला तर आधी पायाने चाचपा, मग हात वर करून चाचपा, आणि मगच त्याला बोल लावा. ऑपरेटरने पायाने चाचपलं. फरशी सपाट होती. भर रस्त्यात हात वर करून हवा चाचपायची मात्र त्याला लाज वाटे. लोक हसतात ते आंधळ्याला ऐकू येतंच ना. त्यापेक्षा डोळस माणसाला विचारलेलं बरं. आणि काका तर वीस वर्षांचे स्नेही, त्याच्या शर्टाच्या बाह्या मापाशिवाय बेतणारे.

तीन दिवस तो मागच्या गल्लीने वळसा घालून गेला आणि तिन्ही दिवस त्याला उशीर झाला. नव्या साहेबांनी काल साखर पेरल्या आवाजात सांगितलं, की आणखी एकदा उशीर झाला तर त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल. घरी ताई म्हणाली, मी तुम्हा दोघांना पोसेन रे, पण दिवसभर चार भिंतींत तू करशील काय ते सांग.

"पुढे," तो म्हणाला. पंत हलले नाहीत. त्याने पट्ट्याला हिसडा दिला, मग आणखी एक. पंत वळून त्याच्या गुडघ्यांना आडवे आले. तेव्हा नऊ वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं. पंतांच्या नाकाडावर चापट मारली, आणि काका बघताहेत म्हणून दुसरीही.

पंतांनी कुईंसुद्धा केलं नाही. सरळ झाले आणि चालू लागले.

"शाब्बास रे," तो म्हणाला, आणि कपाळावर लोखंड बसलं.

नव्या इमारतीच्या परांचीची नळी रस्त्यावर आडवी आली होती, नेमकी त्याच्या कपाळाशी. काका तिच्याखालून दिवसातून दहा वेळा जात, वर वीतभर जागा उरे. खोटं ते बोललेच नव्हते. देव डोळे देतो, पण माणूस जग बघतो ते आपल्या उंचीपुरतं. "मी खालीच बघत राहिलो हो," रक्त पुसताना काका रडत होते.

आठ टाके पडले. फुटल्या डोक्याच्या माणसाला काढायला साहेब धजावले नाहीत, नोकरी टिकली. अपघाताची खबर गेली तशी मास्तर आले. अंगणात ऑपरेटरच्या उंचीवर त्यांनी काठी आडवी बांधली, स्वतः दांडी धरली आणि हुकूम दिला. पंत थेट खालून गेले. सहाही वेळा गेले.

"हात उचलला होता का?" मास्तरांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "दोनदा," तो म्हणाला.

"मग झालं. तुम्ही त्याला ऐकायला शिकवलंत." मास्तरांच्या आवाजात राग नव्हता. नियम असा, की मार खाल्लेला कुत्रा शाळा परत नेते. ऑपरेटरने विनवण्या केल्या, ताईने पदर पसरला, पण नियम तो नियम.

गाडी दाराशी लागली. पंत मात्र बसकण मारून बसले. मास्तरांनी ओढलं, ड्रायव्हरने मागून ढकललं, पण ते जागचे हलेनात.

"तुमचंच ऐकेल तो," मास्तर म्हणाले. "सांगा त्याला."

ऑपरेटर खाली बसला. पंतांचे कान दोन्ही हातांत घेतले. मनातल्या मनात त्याने देवाकडे एवढंच मागितलं, की आज याला माझं ऐकू देऊ नकोस.

"पुढे," तो म्हणाला.

गाडीच्या पत्र्याच्या पायरीवर पंतांची नखं वाजली. मध्ये कुठे थांबली नाहीत.