चौदाचं अ‍ॅव्हरेज

“मावशी, जरा उतरता का? फक्त चढापुरतं.”

मागच्या सीटवर ऐसपैस बसलेल्या मावशींचा वारा घेणारा हात थांबला. गाडी लाल सिग्नलला उभी होती आणि समोरचा रस्ता सरळ टेकडीवर चढत होता. एसी बंद, काचाही बंद. आतली चार माणसं भट्टीतल्या पावासारखी फुगत चालली होती.

“उतरून काय करू?”

“पायऱ्यांनी वर या. आम्ही थांबतो तिथे.”

“अरे, दोनशे घोड्यांची गाडी म्हणाला होतास ना? त्यांना मी एकटी जड झाले?”

“घोड्यांना नाही हो. अ‍ॅव्हरेजला.”

मावशींनी दार असं आपटलं की दोनशेपैकी चार-पाच घोडे तरी नक्की दचकले असतील. सिग्नल हिरवा झाला. चालवणाऱ्याने अनवाणी पायाचा अंगठा अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवला. दाबला नाही, टेकवला. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर हात ठेवावा तसा. भलीमोठी काळी गाडी सुस्कारा सोडून चढाला लागली.

त्याला कंपनीत सगळे थेंबसाहेब म्हणायचे. गाड्या बनवणाऱ्या त्या कंपनीत तो अकरा वर्षं एकच काम करत होता. नवी गाडी आली की ती कमीत कमी डिझेलवर जास्तीत जास्त लांब न्यायची. स्टेपनी काढायची, आरसे मिटायचे, दारांच्या फटींवर पट्टी चिकटवायची, सकाळी नाश्ता बेताचा करायचा आणि बूट काढून चालवायचं. मग जो आकडा येईल त्याच्याखाली सही करायची. या गाडीचा आकडा आला होता चौदा. माहितीपत्रकावर तो बोटभर उंच छापला होता. त्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती, आणि त्या चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी मुंगीला चष्मा लावूनच वाचता आला असता.

ते माहितीपत्रक हातात धरूनच ताईने सहा महिन्यांपूर्वी विचारलं होतं, “छोट्या, खरं सांग. लहान इंजिनची घेऊ की ही?”

“हीच घे. ताकद भरपूर, आणि अ‍ॅव्हरेजही चौदा. मी स्वतः मोजलंय.”

मोजलं होतंच त्याने. त्यात खोटं काही नव्हतं.

ताई जनावरांची डॉक्टर. टेकड्यांवरच्या गोठ्यांमध्ये तिची रोजची फेरी. भाऊजींची छोटी गाडी अर्ध्या चढावर दम टाकायची. मग ती तिथेच सोडून ताई औषधांची पेटी उचलून पायी निघायची, आणि पोचेपर्यंत कधी वासरू आडवं आलेलं असायचं, तर कधी आलं-गेलं सगळंच उरकलेलं असायचं. ही गाडी घेतल्यावर पहिल्याच दिवशी तिने वरून फोन केला होता. “अरे, चढ संपला तरी मला कळलं नाही!” ती हसत होती, आणि मागे एक गाय हंबरत होती.

पण अ‍ॅव्हरेज पडत होतं सात.

भाऊजी शाळेत गणित शिकवायचे. सहा महिने त्यांनी मुकाट्याने सात बघितलं, आणि मग निकाल दिला. “गाडी तीच. डिझेल तेच. आकडा निम्मा. म्हणजे फरक कशात? पायात.” त्यांनी ताईच्या पायाकडे असं बघितलं, जणू तिथून डिझेल गळत होतं. “मेहुण्यांना चालवू दे एकदा. चौदा आला तर गाडी मी वापरणार, तू माझी छोटी घे. नाही आला तर गाडी तुझीच, आणि कंपनीला मी असं पत्र लिहीन की ज्याने हा आकडा छापलाय तो घरी बसेल.”

ज्याने छापला तो समोरच बसून चहा ढवळत होता. साखर विरघळून बराच वेळ झाला होता.

म्हणून आजची ही सहल. बेचाळीस किलोमीटर जायचं, बेचाळीस यायचं. मावशी नुसत्या हवा खायला आल्या होत्या, आणि हवा तेवढी मिळत नव्हती.

चढाच्या मध्यावर सायकलवरचे एक आजोबा त्यांच्या बरोबरीला आले. त्यांनी काचेतून आत डोकावून बघितलं. घामाघूम ताई, हातात वही घेतलेले भाऊजी, आणि स्टिअरिंगवर श्वास रोखून बसलेला माणूस.

“काही बिघाड झालाय का?” आजोबांनी ओरडून विचारलं.

भाऊजींनी काचेतूनच हात हलवला. आजोबांनी मान डोलावली आणि पुढे निघून गेले.

माथ्यावर पोचले तेव्हा मावशी कठड्यावर बसून कणीस खात होत्या. अर्धं संपलं होतं.

“या,” त्या म्हणाल्या. “दमलात का?”

ताई खळखळून हसली. हसता हसता तिने भावाच्या खांद्यावर थाप मारली, आणि तो जरासा आकसला. “छोट्या, मला जमणारच नाही रे असं. समोर गाय अडलेली असते, तिला काय सांगू? थांब बाई, मी अ‍ॅव्हरेज काढत येतेय?”

“तेच तर!” भाऊजी म्हणाले. “घाई हा तुझा स्वभावच.”

डॅशबोर्डावरच्या आकड्यावर थेंबसाहेबाने निघतानाच रुमाल टाकला होता. “बघत बसलं की पाय चुकतो,” असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. परतीच्या वाटेवर शेवटच्या सपाट रस्त्यावर मावशींना डुलकी लागली, भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले, तेव्हा त्याने रुमालाचं टोक करंगळीने उचललं.

दहा पॉइंट दोन.

त्याने टोक खाली सोडलं. अकरा वर्षांत त्याच्या पायाला जेवढं म्हणून येत होतं तेवढं सगळं त्याने आज केलं होतं. चौघांना उकडून काढलं होतं, सख्ख्या मावशीला रस्त्यावर उतरवलं होतं. स्टेपनी तेवढी काढली नव्हती. आणि चांगल्यात चांगला आकडा दहा होता. म्हणजे ताईचं सात हे काही पाप नव्हतं. चढ, खड्डे आणि अडलेल्या गाई धरल्या तर सात उत्तमच होतं. हे एवढं एक वाक्य तो आत्ता, या क्षणी, बोलू शकत होता. घशात आलंही. मग त्याला त्या पत्राचा मायना दिसायला लागला. भाऊजींचं अक्षर फार सुंदर होतं.

पंप आला.

सकाळी इथेच टाकी भरली होती. नळीचा खटका पडून डिझेल आपोआप थांबलं, तरी त्याने पंपावरच्या बाईंना पुढे भरायला लावलं होतं. फेस बसू द्यायचा, गाडी हलवायची, पुन्हा भरायचं. शेवटी डिझेल टाकीच्या तोंडाशी येऊन चमकायला लागलं. ताई शेजारी उभी राहून बघत होती. “किती मुरतंय हे!” ती म्हणाली होती, आणि त्याने मोठ्या ऐटीत समजावलं होतं, “खटक्यानंतरही दोन लिटर जातं, ताई. जाताना जेवढं वर, येतानाही तेवढंच वर. तरच मोजणं खरं.”

आता त्याच बाईंनी नळी लावली. आकडे फिरायला लागले. भाऊजी वही उघडून उभे होते. ताई टाकीच्या झाकणाजवळ होती. मावशी पाणी शोधायला गेल्या होत्या.

सहा पॉइंट एकला खटका पडला.

“अजून जाईल, साहेब,” बाई म्हणाल्या. “सकाळी तुम्हीच तर गाडी हलवत होता.”

“बस,” थेंबसाहेब म्हणाला.

“तोंडापर्यंत नको?”

“नको. बस.”

हे आपण बोललो हे त्याला ऐकल्यावर कळलं. बाईंनी खांदे उडवून नळी काढली. ताई वाकली आणि तिने टाकीत बघितलं. बाटलीतल्या औषधाची रेघ बघून किती उरलंय ते सांगणारी ती बाई. चमकणारं काही दिसलं नाही तिला. आत नुसता अंधार होता.

तिने वर बघितलं, भावाकडे. त्याने बूट घालायला घेतले. डावा बूट उजव्या पायात जात नव्हता, तरी तो नेटाने घालत राहिला.

“चौऱ्याऐंशी भागिले सहा पॉइंट एक,” भाऊजी पुटपुटले. पेन्सिल चालली, थांबली. “तेरा पॉइंट सत्त्याहत्तर! अहो, म्हणजे चौदाच की! काय मेहुणे, मानलं तुम्हाला. काय ग, बघितलंस?”

ताईच्या हातात अजून झाकण होतं. तिने ते टाकीवर ठेवलं, शांतपणे फिरवलं. कट्‌ कट्‌ आवाज येईपर्यंत.

“बघितलं,” ती म्हणाली. “माझाच पाय जड आहे.”

“मी म्हणत नव्हतो?”

“म्हणत होतात.”

“ताई...” थेंबसाहेब म्हणाला.

“बूट नीट घाल,” ताई म्हणाली. “पडशील.”

लहानपणी त्याने वर्गातली काच फोडली होती आणि ताईने हेडमास्तरांना “माझा चेंडू होता” असं सांगितलं होतं, तेव्हाही तिचा आवाज असाच होता. अगदी साधा.

भाऊजी खुशीत होते. “घरापर्यंत तू चालव,” ते उदार होऊन म्हणाले. “उद्यापासून माझ्याकडे. शाळा सपाटीवर आहे, मी पंधरा काढीन.” आणि ते ताईशेजारी पुढे बसले. थेंबसाहेब मागे मावशींजवळ बसला. मावशींनी उरलेलं पाणी त्याला दिलं. त्याने घोटभर घेऊन बाटली परत दिली.

ताईने काचा उघडल्या, एसी लावला. भाऊजींनी दोन्हीकडे बघून च्‌ च्‌ केलं. रस्त्यावर येताना तिने नेहमीसारखा पाय दाबला, आणि गाडी एकदम जिवंत होऊन पुढे झेपावली. सगळ्यांची पाठ सीटला लागली. त्या अर्ध्या मिनिटात काळ्या बोजड गाडीला आपण कशासाठी जन्मलो ते आठवलं असावं. मावशी म्हणाल्या, “हां! ही खरी गाडी!”

“हे बघा! हेच!” भाऊजी मागे वळले. “बोला मेहुणे, तुम्ही यातले जाणकार. चुकतंय ना तिचं?”

आरशात ताईचे डोळे दिसत होते. ती रस्त्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. तिला उत्तराची घाई नव्हती. उत्तर काय येणार तेही तिला माहीत असल्यासारखं वाटत होतं.

मावशींनी त्याला कोपराने ढोसलं. “अरे, विचारतायत तुला.”

“जरा...” तो म्हणाला. “जरा हलका ठेव पाय, ताई.”

ताईने पाय उचलला. इंजिनाचा आवाज मावळत गेला, गाडी मंदावली, आणि मागून हॉर्न वाजायला लागले.

“असा?” तिने विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “असाच.”