बांधाअलीकडचं मॅकरोनी सॅलड

महादेवीचं पोट वर्षातून एकदा हमखास दुखायचं, आणि ते दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हतं. येळवस जवळ आली की ते सुरू व्हायचं आणि धाकट्या जावेच्या खोपीतला शेवटचा माणूस हात धुऊन घरी जाईपर्यंत टिकायचं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी उमरग्याच्या आसपासची गावंच्या गावं रिकामी होतात, कारण सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप रचायची, आत दगडाचे पाच पांडव मांडायचे, त्यांना हरभऱ्याच्या पाल्याची ताकातली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. बांधावरून जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारायचीच. हे सगळं पुण्यासाठी, असं म्हणतात. म्हणोत बापडे. दिवस कलला की प्रत्येक बाईच्या मनात एकच विचार असतो: आपल्या खोपीत जास्त जेवले की शेजारणीच्या?

महादेवीची शेजारीण म्हणजे गिरिजा, तिच्या धाकट्या दिराची, शिवलिंगची बायको. वाटण्या झाल्या तेव्हा दोन भावांच्या रानात एक बांध पडला, पण भांडण काही झालं नाही. झालं असतं तर बरं, असं महादेवीला कितीदा तरी वाटायचं. हेव्याला निदान कारण मिळालं असतं. पण गिरिजा भांडायची नाही. ती आंबील करायची.

तशी आंबील घरोघरी होते. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, लसूण-जिरं वाटून घालायचं, शिजवून मडक्यात ओतायचं. महादेवीही हेच करायची, याच क्रमानं, याच हातांनी. तरी लोक कुठून कुठून यायचे ते गिरिजाची आंबील प्यायला. येताना वाटेत महादेवीची खोप लागायची. तिथं चूळ भरल्यासारखे दोन घास खायचे आणि बांधापलीकडं जाऊन मांडी ठोकून बसायचे. परके तर परके, महादेवीचा सख्खा नवरा कल्याणप्पासुद्धा जेवण झालं की म्हणायचा, "शिवलिंगला बैलाचं काय ते इचारून येतो." आणि मिशीला आंबील लावून परत यायचा. शिवलिंगनं बैल विकून ट्रॅक्टर घेतल्याला कैक वर्षं झाली होती.

यंदा मात्र महादेवीनं ठरवलं होतं. एकदा, फक्त एकदा, लोकांनी आपल्या खोपीत मांडी घालून बसावं आणि पोट भरून उठावं. आंबिलीत आपण गिरिजाला हरवू शकत नाही हे तिनं मनाशी कबूल करून टाकलं होतं. कबूल करताना दात आवळले होते, ते सोडा. म्हणून यंदा तिला असं काहीतरी हवं होतं, जे शिवारात आजवर कुणी खाल्लेलं नसेल.

ते मिळालं लेकीकडून. वैष्णवी पुण्यात नोकरीला होती आणि सणासाठी सुट्टी काढून आली होती. तिच्या खोलीतली एक मैत्रीण अधूनमधून एक गारेगार, पांढरंशुभ्र, दाट मलईसारखं सॅलड करायची. मॅकरोनीचं. समुद्रात लांब कुठंतरी हवाई नावाची बेटं आहेत, तिथं म्हणे घरोघरी हे करतात आणि भाताशेजारी वाढतात.

"पण आई, भज्जी-उंड्यांबरोबर हे कोण खाणार?" वैष्णवीनं विचारलं.

"गिरिजानं केलंय का कधी हे?"

"काकी कशाला करतीय?"

"मग आपुन करायचं," महादेवी म्हणाली. विषय संपला.

आदल्या दिवशी कल्याणप्पा उमरग्याला जाऊन सामान घेऊन आला. लहान वाकड्या नळ्यांची मॅकरोनी, व्हिनेगरची बाटली आणि मेयोनीजच्या पिशव्या. पिशवीवरचा हिरवा ठिपका महादेवीनं स्वतः उजेडात धरून बघितला. त्यांच्या घरात अंडं चालत नव्हतं आणि पांडवांपुढं तर नाहीच नाही.

वैष्णवीनं मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात मॅकरोनी शिजायला टाकली आणि ती शिजल्यावरही शिजूच दिली. नळ्या फुगून दुप्पट झाल्या, बोटानं दाबलं तर चेपायला लागल्या.

"अगं गिच्च गोळा होतंय. आमच्या सासूबाईंनी शेवयांचं असं झालेलं बघितलं असतं तर पातेल्यासकट मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं."

"हे असंच लागतं. कडक राहिली तर रस पीत नाही."

पाणी निथळून गरम गरम मॅकरोनीवर तिनं व्हिनेगर शिंपडलं. आंबट वाफ उठली आणि महादेवीला ठसका लागला. कांदा चिरायचा नव्हता, किसायचा होता, म्हणजे त्याचा नुसता रस उतरतो. तो वैष्णवीनं किसला. गाजरं महादेवीनं घेतली. किसणीच्या अगदी बारीक बाजूनं तिनं ती किसली, केशराच्या काडीसारखी, आणि शेवटच्या गाजराबरोबर बोटाची सालही थोडी काढून घेतली. लेक म्हणाली, एवढं बारीक कशाला. गिरिजाच्या आंबिलीत लसूण दिसत नाही, नुसता लागतो, हे तिच्या डोक्यात होतं.

मेयोनीजमध्ये दूध, चिमूटभर साखर, मिरपूड घालून वैष्णवीनं ते पातळ केलं. निम्मं मॅकरोनीत कालवलं आणि निम्मं भांड्यात झाकून ठेवलं.

"हे उद्या शेतात घालायचं. रात्रभरात मॅकरोनी आतलं सगळं पिऊन टाकते. उद्या यानं परत सैल होईल. विसरू नको."

"मी बरी इसरंन," महादेवी म्हणाली.

दिवेलागणीला गिरिजा आली. भज्जीसाठी हरभऱ्याचा पाला जास्त खुडला गेला होता, तो घेऊन आली होती. ओट्यावरचं पातेलं झाकायला महादेवी धावली, पण पदर आणि झाकण यांच्यात घोटाळा झाला आणि गिरिजानं बघायचं ते बघितलं.

"नवीनच दिसतंय काही, अक्का."

"हाय असंच. हवाईकडं करतात."

गिरिजा वाकून कौतुकानं बघत राहिली. मग साधेपणानं म्हणाली, "रंग छान हाय. जरा कोरडं वाटतंय न्हाय का?" आणि पाला ठेवून निघून गेली.

झालं. महादेवीच्या अंगाचा तिळपापड झाला. कोरडं. आंबिलीवाली आता हवाईलाही शिकवणार. गिरिजा घरी जाऊन शिवलिंगला सांगेल, शिवलिंग पारावर सांगेल, आणि उद्या लोक थोरलीचं कोरडं खायला नको म्हणून बांधावरूनच पुढं जातील, असं सगळं तिनं उभ्या उभ्या रंगवलं. वैष्णवी गच्चीवर फोनवर बोलत होती. महादेवीनं राखून ठेवलेलं भांडं उचललं आणि थेंब न ठेवता पातेल्यात रिकामं केलं. ढवळल्यावर ते दुधाच्या सायीसारखं डुलायला लागलं. ये म्हणावं आता बघायला, असं म्हणत तिनं पातेलं फ्रीजमध्ये सरकवलं आणि भांडं घासून पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, रानाला प्रदक्षिणा घालून आंबील शिंपडून झाली, आणि वैष्णवीनं पातेल्याचं झाकण काढलं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. आत मॅकरोनीचा एक अख्खा गड्डा बसला होता. डाव घातला तर तो खोवल्यासारखा उभा राहिला.

"आई, राखलेलं कुठंय?"

महादेवी पांडवांपुढची उदबत्ती सरळ करायला लागली.

"आई."

"कालच घातलं. सगळं."

"का पण?"

का ते सांगण्यासारखं नव्हतं. दूध खिरीत आणि चहात गेलं होतं, ताक भज्जीत आटलं होतं. वैष्णवी उठली. "काकीकडनं जरा ताक आणते."

"पाय मोडंन तुझा," महादेवी म्हणाली. पण तेवढ्यात बांधावर लोक दिसायला लागले. पुढं बब्रुवान तात्या, गावातला सगळ्यात जुना खवय्या, तोंडावर काहीही बोलणारा, आणि त्याच्यामागं त्याचं सगळं टोळकं. महादेवीनं त्यांच्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं आणि लेक बांध ओलांडून गेली तेव्हा तोंड फिरवून घेतलं.

वैष्णवीबरोबर गिरिजाच आली. हातात तांब्या होता.

"ताक न्हाय उरलं, अक्का. आंबिलीवरची निवळ आणलीय. चालंल का बघा."

आंबील बसली की तिच्यावर आंबटसर पातळ पाणी येतं, ती निवळ. वैष्णवीनं तांब्या घेतला आणि हळूहळू ओतत डावानं गड्डा मोडत गेली. मॅकरोनी सुटी झाली. मग चकाकायला लागली. मग पुन्हा सायीसारखी डुलायला लागली. गिरिजा तोवर रिकामा तांब्या घेऊन आपल्या खोपीकडं परतलीही होती, तिच्याकडं माणसं खोळंबली होती.

बब्रुवान तात्यानं पहिला घास संशयानं घेतला आणि दुसरा न विचारता. तिसऱ्या घासाला तो खाली बसला. मांडी घालून. त्याच्यामागं टोळकं बसलं. गार, मऊ, आंबूस, मधेच मिरपुडीचा चटका. भज्जीच्या तिखटावर ते असं काही उतरलं की लोक पत्रावळी पुढं करायला लागले. येणारे बसलेल्यांना बघून बसत होते. महादेवी वाढता वाढता घामाघूम झाली आणि तिला हसू आवरेना. कल्याणप्पाला आज बैलाची आठवण झाली नाही.

तेवढ्यात गिरिजा आणखी एक तांब्या निवळ घेऊन आली, लागली तर असावी म्हणून. तिला बघून बब्रुवान तात्या बोटं चाटत म्हणाला, "थोरल्या बाई, एक बोलू? ह्यात धाकटीचा हात हाय. ही चव म्या कुटंबी वळखीन."

"व्हय की," कुणीतरी म्हणालं, आणि सगळी खोप हसली. गिरिजाबाईच्या हाताला काय चव आहे, मॅकरोनीलाही सोडलं नाही, असं सुरू झालं. महादेवीच्या हातातला डाव तिथंच राहिला. एवढी माणसं बसली, तीही आपल्या खोपीत, आणि जेवतायत गिरिजाचंच.

"न्हाय तात्या," गिरिजा घाईनं म्हणाली. "म्या निस्तं आंबट पाणी वतलं. अक्का काल दिवसभर राबल्यात."

"तू असंच म्हणणार. दरसाली तुझं तेच. आदी अक्काच्या खोपीत चार घास खाऊन या, त्याबिगर आंबील वाढत न्हाय. आमी काय दोन खोपीत जेवायला बसलोय व्हय, म्हातारी माणसं?"

तो थट्टेनं बोलला आणि पुन्हा पत्रावळीत वाकला. पण महादेवीच्या कानात ते शिरलं ते निघेना. दरवर्षी जे दोन घास खाऊन जायचे, ते निदान आपले, असं ती समजत होती. तेवढीच तिची कमाई होती. आता कळलं, ती माणसंही गिरिजानंच पाठवलेली. हेवा करायलासुद्धा आपलं असं काही शिल्लक राहिलं नाही.

माणूस वाईट असलं की त्याचा राग करणं सोपं जातं. असल्या चांगुलपणाचं करायचं काय? महादेवीनं डाव उचलला आणि वाढत सुटली. मागितलं त्याला, न मागितलं त्याला, पुरे पुरे म्हणणाऱ्याला. एकच वाटी तिनं स्वतःसाठी पांडवांमागं झाकून ठेवली. बाकी पातेल्यात शीत उरता कामा नये, गिरिजाला मिळता कामा नये, एवढंच तिच्या मनात होतं.

ऊन उतरलं. लोक पांगले. गिरिजा आपली खोप आवरून बांधावरून आली, पदरानं कपाळ पुसत.

"अक्का, मला ठेवलंय का जरा? गडबडीत खाल्लंच न्हाय."

"संपलं," महादेवी म्हणाली.

गिरिजानं पातेल्यात डोकावलं. मग खाली बसली, उंड्याचा तुकडा मोडला, पातेल्याच्या कडेनं फिरवून जे काही चिकटलं होतं ते पुसून घेतलं आणि खाल्लं. तोंड हलवता हलवता थांबली.

"गाजर कुणी किसलंय? वैष्णवीनं?"

"म्या."

"तरीच. दिसत न्हाय, निस्तं लागतंय. माझ्यानं न्हाय झालं असतं येवढं." आणि तिनं पुन्हा तुकडा मोडला.

दिवसभरात एवढी माणसं जेवली, पण गाजराचं नाव कुणी काढलं नव्हतं. महादेवीनं आपल्या सोललेल्या बोटाकडं बघितलं. गिरिजाच्या आंबिलीचा तिनं जन्मभर हेवा केला होता. पण दुसऱ्याच्या पातेल्याच्या कडा पुसून असं मोकळं बोलता येतं, याचा तिला त्या घडीला जेवढा हेवा वाटला, तेवढा आंबिलीचा कधीच वाटला नव्हता. डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि आज तर कांदाही नव्हता.

ती उठली. पांडवांमागची झाकलेली वाटी काढली, गिरिजापुढं ठेवली आणि पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं.

"घे," ती म्हणाली. "कोरडं लागलं तर तुझी आंबील हाय की."