बोर्डावरचं नाव

कन्नड मुलखातल्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीला नाटक व्हायचं. तरुणपणी त्यातली बरीच मी रचली. रेशमाच्या कारखान्यात माग चालवताना डोक्यात जुळवायचो आणि संध्याकाळी मेव्हण्यांना, सयाजीरावांना, तोंडाने सांगायचो. ते शिकलेले, म्हणून ते कागदावर उतरवायचे. मला अक्षर येत नव्हतं. माझी बायको भवानीबाई दोघांना कॉफी आणून द्यायची. एकाला लिहिताना आणि दुसऱ्याला बडबडताना तिने पाहिलं होतं. त्यामुळे लेखक कोण, हा प्रश्न तिला कधी पडला नाही आणि मंडळालाही नाही. बोर्डावर सयाजीरावांचं नाव लागायचं. त्यांनी ते कधी पुसलं नाही.

मग घरोघरी टीव्ही आला आणि नाटकं थांबली. निवृत्त झाल्यावर मी अक्षरं गिरवली. यंदा मंडळाने पुन्हा नाटक करायचं ठरवलं, तेव्हा मी चिटणीस मनोहररावांना सांगितलं, नाटक मी स्वतःच्या हाताने लिहीन, पण बोर्डावर माझं नाव पाहिजे. ते म्हणाले, लावू की.

नाव लागणार म्हणजे लिहिणं शुद्ध हवं. इथे हेब्बाळच्या कंपनीत मुलगा नोकरीला लागला म्हणून सांगलीहून आलेल्या गोदावरीबाई आमच्या शेजारी राहतात. आयुष्यभर त्यांनी शाळेत मराठी शिकवलं. त्यांनी मला लिंग, वचन, विभक्ती सगळं पहिल्यापासून शिकवलं. माझ्या वाक्यांत कन्नड किती आहे हे पाहून पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला. सत्तरी उलटल्यावर मी शुद्ध झालो.

नाटक दोन भावांचं. दसऱ्याच्या आयुधपूजेला पणजोबांची तलवार कोणी पुजायची यावरून भांडतात, आणि शेवटी ती तलवार नाटक कंपनीची, पत्र्याची निघते. माझा थोरला भाऊ म्हणत होता, "ही तलवार आपल्या पणजोबांची आहे, हे तुला ठाऊक नाही काय?" गोदावरीबाईंनी त्या वाक्याला पैकीच्या पैकी मार्क दिले.

नाटकात काम करणाऱ्या आमच्या पोरांना देवनागरी वाचता येत नाही. ती आपापलं बोलणं कन्नड अक्षरांत उतरवून घेतात. उतरवताना जे जिभेवर बसत नाही ते बदलतात. ही आमच्याकडची जुनी रीत. तिचा मला विसर पडला होता.

नाटकाच्या दिवशी मी संहिता मांडीवर घेऊन पुढे बसलो. पडदा उघडला आणि थोरला भाऊ म्हणाला, "सुम्मे बस रे, पणजोबाची कत्ती ही." गप्पचं सुम्मे झालं होतं, तलवारीची कत्ती. मी पानं उलटत राहिलो. माझं एकही वाक्य सापडलं नाही. पण रचताना मी जिथे जिथे हसलो होतो, लोक तिथेच हसत होते. गोदावरीबाई तेवढ्या गंभीर होत्या.

बाहेर बोर्डावर माझं नाव होतं, तरी नाटक संपेपर्यंत मागच्या रांगांत कुजबुज पसरली होती, की जुन्या नाटकांचीच ही भाषा, ही तर सयाजीरावांचीच लेखणी. मनोहररावांनी त्यांना रंगमंचावर बोलावलं, डोक्याला म्हैसुरी पेटा बांधला, शाल घातली. मग माइकवर माझंही कौतुक केलं, म्हणाले, सयाजीरावांचं जुनं नाटक नागोजीरावांनी, या वयात अक्षर शिकून, स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. टाळ्या पडल्या.

सयाजीरावांनी माइक घेतला.

"हे नाटक माझं नाही," ते म्हणाले. "आधीचीही माझी नव्हती. सगळी नागोजीरावांची. मी नुसता लिहून घेत होतो."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच खरं बोलले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा लेखक, आणि एवढा नम्र. मनोहरराव तर त्यांच्या पाया पडले.

घरी येताना रिक्षात भवानीबाई डोळे पुसत होती.

"आमच्या दादाला बघा," ती म्हणाली. "एवढं सगळं लिहून पण माझं नाही म्हणाला. आणि तुम्ही बोर्डावर नाव पाहिजे म्हणून केवढा गलाटा केलात."