चिमणीची पट्टी

चिमणीचं ठाम मत होतं, की ते गाणं अख्ख्या इंटरनेटवर चुकीचं चढवलेलं आहे.

"चार ठिकाणी ऐकून बघितलं. चारही ठिकाणी तसंच. जड, मरगळलेलं. गाणारा आजारातून उठून आल्यासारखा," ती नवऱ्याला म्हणाली होती. "पहिल्याने कुणीतरी बिघडवून चढवलं असणार आणि बाकीच्यांनी त्याचीच नक्कल केली."

"अगदी बरोबर," नवरा भांडी पुसत म्हणाला होता. "सगळ्यांची घड्याळं मागे पडलीत. आपलंच तेवढं वेळेवर आहे."

जो माणूस गाणं चालू असताना बोलतो, त्याच्याशी गाण्यावरून वाद घालायचा नाही, हा तिचा लग्नापासूनचा नियम होता.

चिमणी म्हणजे काही कोवळी पोर नव्हे. चाळिशी मागे टाकलेली, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी बाई. आवाज बारीक, म्हणून थोरल्या भावाने लहानपणी हे नाव चिकटवलं आणि ते निघालं नाही. तिच्या कानातून जे गाणं निघालं नाही, तेही त्यानेच आणून दिलेलं होतं. चौघांचा एक बँड होता, इंडी रॉक म्हणतात त्या जातीचा. कुठल्या मोठ्या कंपनीच्या दारात न गेलेला, स्वतःच्या तळघरात रेकॉर्डिंग करणारा, कार्यक्रम संपला की बॅगेतून रेकॉर्डी काढून विकणारा. गिटारी खरखरीत, गाणारा स्वतःची फारशी खात्री नसल्यासारखा, आणि शब्द घरगुती: गळका नळ, परत न केलेली छत्री, वरच्या मजल्यावरून ऐकू येणारी पावलं. ती शाळेत असताना दादाने त्यांची एक रेकॉर्ड कुठूनतरी मिळवून तिला कॅसेटवर उतरवून दिली होती. पुढे बँड मोडला, चौघे चार दिशांना गेले. चिमणी मात्र होती तिथेच राहिली.

कॅसेट झिजायच्या आत तिने ती कॉम्प्युटरवर घेतली होती. गिटार त्याच कॅसेटशी जुळवून शिकली होती. आणि आता त्या चौघांची जवळजवळ सगळी गाणी तिने स्वतः गाऊन घरी रेकॉर्ड केली होती. स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं कपाट. रजया आणि कोटांमध्ये आवाज घुमत नाही, म्हणून कपड्यांच्या हँगरला मायक्रोफोन टांगायचा, आत स्टूल ठेवायचं आणि दार ओढून घ्यायचं. "ती कपाटात आहे," असं नवरा फोनवर सहज सांगायचा, आणि पलीकडचा माणूस "कुठे?" असं पुन्हा विचारायचा.

या गाण्यांमुळेच तिला त्या बँडचे इतर चाहते सापडले. फार नाहीत, एका टेबलाभोवती मावतील इतके, आणि सगळे वेगवेगळ्या शहरांत. एक ग्रंथपालबाई सगळ्यांना धरून ठेवायच्या. एक प्लंबर होता, तो बेस गिटार वाजवायचा आणि कुणाचंही फार कौतुक करायचा नाही. एक बेकरीवाला ड्रम वाजवायचा. यंदा बाईंनी टूम काढली, की रेकॉर्डमधलं शेवटचं गाणं, ते पावलांचं, सगळ्यांनी मिळून करायचं. आधी ड्रम, मग त्यावर ज्याने त्याने आपापल्या घरी आपला भाग वाजवायचा, आणि बाई सगळं जोडणार. गायचं चिमणीने.

हे वाचलं तेव्हा चिमणी एक काच हातात धरून तशीच उभी राहिली. आजवर तिच्यासोबत कपाटात कुणी नव्हतं. आता मागे ड्रम, शेजारी बेस, आणि मध्ये ती. तेही त्या गाण्यात.

बेकरीवाल्याचे ड्रम आले, ते तिला संथ वाटले. "पीठ मळत वाजवतोय की काय," ती पुटपुटली. पण तिने आपली गिटार घेतली, गाणं गायलं आणि पाठवून दिलं.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला.

"तुमचा आवाज सुरेख आलाय," त्या म्हणाल्या. एवढं बोलून त्या थांबल्या, तेव्हाच चिमणीला कळलं की पुढे 'पण' आहे. "पण तो इतरांत मिसळत नाहीये. पाण्यावर तेल तरंगतं तसा वर राहतोय. बाकी सगळे एका सुरात आहेत आणि तुम्ही त्याच्या आणि वरच्या सुराच्या मधल्या फटीत. मी कॉम्प्युटरने खाली ओढून पाहिला. पाठवते, ऐका."

चिमणीने ऐकला. वाईट नव्हता. पण ती तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणी बाई होती.

"हे नको," ती म्हणाली. "मी पुन्हा गाते."

"रविवार संध्याकाळपर्यंत बघा. नाहीतर आपल्या गटातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई गायला तयार आहेत. राग मानू नका हं, सगळे वाट बघतायत."

"छे, राग कसला," चिमणी म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तीच काच दोनदा घासून बसली.

तिने कॅसेटवरचं गाणं आणि इंटरनेटवरचं गाणं शेजारी शेजारी लावून मोजलं. कॅसेटवरचं गाणं लवकर संपत होतं, आणि जेवढं लवकर संपत होतं बरोबर तेवढ्याच प्रमाणात वरच्या सुरात होतं. रेकॉर्ड वेगाने फिरली की हे होणारच. प्रश्न एवढाच होता, की ती वेगाने फिरली का. तिने दादाला फोन लावला. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. मागून कुठल्यातरी लिफ्टची घरघर ऐकू येत होती.

"दादा, ती कॅसेट तू कशी उतरवलीस?"

"कुठली? ती तुझी? अगं, काय खटाटोप केला होता. रेकॉर्ड लांब होती. कॅसेटच्या एका बाजूत मावेना."

"मग दुसरी बाजू होती ना?"

"दुसऱ्या बाजूवर माझी गाणी होती. ती मी पुसतोय होय! शेवटचं गाणं अर्ध्यात तुटत होतं बघ. मित्राच्या रेकॉर्ड-प्लेअरला वेगाची खुंटी होती, ती जरा फिरवली. सगळं भर्रकन वाजलं आणि मावलं."

"म्हणजे पट्टी तू चढवलीस."

"पट्टी कमी पडली, म्हणून पट्टी चढवली," दादा म्हणाला. "कॅसेटची पट्टी गं. कळलं का?"

"कळलं. हसू नकोस. जन्मभर मी त्याच पट्टीत गातेय."

"आणि गाणं अर्धवट दिलं असतं तर जन्मभर भांडली असतीस."

चिमणी फोन ठेवून जरा वेळ हसत बसली, मग तिला इंटरनेटला ठेवलेली नावं आठवली आणि कान गरम झाले. नवऱ्याला सांगितलं तर त्याने मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी धरलं आणि पुन्हा घातलं.

गटातही तिने सगळं सरळ लिहून टाकलं. ग्रंथपालबाईंचं उत्तर लगेच आलं: "अहो, मला वाटायचं ती तुमची शैली आहे. मी त्यावर एक लेख लिहून ठेवलाय." प्लंबरने लिहिलं: "मग आता काय, आम्ही सगळ्यांनी वर चढायचं की चिमणीबाई खाली उतरतायत?"

"उतरतेय," चिमणीने लिहिलं.

म्हणणं सोपं होतं. गिटार तिने खाली जुळवून लगेच पुन्हा वाजवली, पण गळ्याला खुंट्या नव्हत्या. दुकानात नवा चष्मा घालून गिऱ्हाईक म्हणतं, जमीन खड्ड्यात गेल्यासारखी वाटते, जुनाच बरा होता. तेव्हा चिमणीच सांगायची, नंबर बरोबर आहे, डोळ्याला सवय चुकीची आहे, चार दिवस काढा. आता तिची स्वतःची जमीन खड्ड्यात गेली होती. मूळ गाण्यातला गाणारा तिला वाटायचा तसा विशीतला पोरगा नव्हताच. चांगला थोराड माणूस होता, कामावरून दमून घरी आलेला आणि तरी वरच्या पावलांसाठी कान देऊन बसलेला. तिसऱ्यांदा ऐकताना तो तिला आवडू लागला. पण आवडणं वेगळं आणि गाता येणं वेगळं. कानात ड्रम, बेस सगळं लावून ती सुरुवात करायची. पहिली ओळ नीट जायची. दुसऱ्या ओळीला ये रे माझ्या मागल्या, गळा हळूच आपल्या जुन्या जागी चढून बसायचा. कानाला चूक कळत होती, गळ्याला कळत नव्हती. शनिवारपर्यंत तिने इतक्या वेळा गायलं, की नवरा भाजी निवडताना पावलांचं गाणं गुणगुणू लागला, आणि तोही तिच्याच चुकीच्या सुरात.

रविवारी जेवणानंतर दादा आला. गुन्हेगाराने घटनास्थळी यायलाच हवं, असं म्हणून. कपाटाचं दार उघडून तो खाली स्टुलाकडे बघत राहिला.

"इथे बसून गातेस? लिफ्टमध्ये याहून जागा असते."

"तुला आठवतं का ते गाणं? मूळचं? तू तर रेकॉर्ड आधी ऐकली होतीस."

"न आठवायला काय झालं," दादा म्हणाला, खाटेच्या कडेला बसला आणि डोळे मिटून गुणगुणायला लागला.

चिमणीच्या मनात कुठेतरी आशा होती, की इतक्या वर्षांपूर्वी ऐकलेला खरा सूर दादाच्या डोक्यात जसाच्या तसा असेल. तसं काही नव्हतं. दादाचा सूर खऱ्या सुराच्याही खाली होता. चांगलाच खाली. रिकाम्या टाकीत पाणी पडावं तसा.

"दादा, तू तर विहिरीत उतरलास."

"मला जमतं तिथे मी गातो. तू ये ना खाली, घाबरतेस काय."

ती गंमत म्हणून उतरली. त्याच्याबरोबर पहिली ओळ तिथे, त्या तळाशी, गायली. शब्द नुसतेच श्वासासारखे आले. मग सवयीने वर सरकू लागली आणि सरकता सरकता थबकली.

गिटारची तार जुळवताना ती कधीच वरून खाली आणत नसे. वर गेलेली तार खाली सोडली की टिकत नाही, आणखी सरकते. आधी मुद्दाम सुराच्या खाली सोडायची आणि मग पिळत पिळत सुरावर आणायची, म्हणजे ती ताणाने धरून राहते. हे ती रोज हाताने करत होती. आणि गळा मात्र आठवडाभर वरून खाली ढकलत होती.

"पुन्हा गा," ती म्हणाली. "तसंच. अजिबात सुधारू नकोस."

"सुधारायला येतंय कुणाला?"

ती कपाटात शिरली. कानात ड्रम आणि बेस लावले, एक कान उघडा ठेवला, दार थोडं किलकिलं ठेवलं. बाहेरून दादाने तळातून गुणगुणायला सुरुवात केली. चिमणीने आधी मनातल्या मनात त्याचा सूर धरला, मग हलकेच वर आली, आणि बेस जिथे होता तिथे थांबली. पहिली ओळ. दुसरी ओळ. गळा तिथेच होता. प्रत्येक कडव्याआधी ती दाराला बोटाने टकटक करायची, दादा आपला खर्ज लावायचा, आणि ती खालून चढून जागेवर यायची. बेकरीवाल्याचे ड्रम आता संथ वाटत नव्हते. प्रत्येक शब्दाभोवती जरा जागा सापडत होती, आणि त्या दमलेल्या माणसाला अशी जागा लागतच असणार. शेवटच्या कडव्यात पावलं दारापर्यंत येतात आणि दार वाजतं की नाही ते गाणं सांगत नाही. चिमणीने ते कडवं गायलं आणि नंतर काही हलवलं नाही, श्वाससुद्धा.

"झालं का?" दादाने बाहेरून विचारलं.

"आता झालं," ती म्हणाली. "तुझ्या विचारण्यासकट."

ते शेवटचं कापून तिने गाणं उजेडातच पाठवलं. बाईंनी जोडून सगळ्यांना धाडलं. चहा पिता पिता तिघांनी मिळून ऐकलं, आणि नवरा ऐकताना एक शब्द बोलला नाही. आवाज बरोबर बसला होता, ना वर ना खाली, ड्रम आणि बेसच्या मध्ये, जणू सगळे एकाच खोलीत उभे असावेत.

थोड्या वेळाने प्लंबरचा निरोप आला. त्याचे निरोप सहसा एका ओळीचे असत, हा दोन ओळींचा होता.

"बसलं. पण दर कडव्याआधी मागे कोण म्हशीसारखं हंबरतंय?"

चिमणीने कान देऊन ऐकलं. खरंच होतं. किलकिल्या दारातून दादाचा खर्ज आत आला होता. फार नाही, पण होता. ते कापायला पाच मिनिटं पुरली असती. तिने दादाकडे पाहिलं. तो बशीतला चहा फुंकत होता.

"माझा दादा आहे," तिने लिहिलं. "त्याच्याशिवाय मला सूर सापडत नाही. काढायचा का?"

प्लंबरने बहुधा पुन्हा ऐकून मगच उत्तर दिलं.

"राहू द्या. माझ्या बेसला सोबत होते."

मग ग्रंथपालबाईंचा निरोप आला, की वाजवणाऱ्यांच्या नावांत दादांच्या नावापुढे काय लिहायचं. चिमणीने दादाला विचारलं.

"लिही, वेग," दादा म्हणाला.

तिने तसंच लिहिलं.