प्लास्टिकखालचा दाखला

सोनल कोकरे दुकानाची पायरी चढली तेव्हा तिच्या हातातला कागद मी लांबूनच ओळखला. त्याच्या चारही कडा मीच चिकटवल्या होत्या. तिच्यामागून तिचे वडील धाकलूमामा आले. खांद्यावरचे घोंगडे भिजून जड झाले होते, पण ते काढायचे भान त्यांना नव्हते. सोनलने कागद काउंटरवर ठेवला आणि दुकानाच्या मालकांना, दत्तोबांना, हळूच सांगितले, "काका, ह्याच्यावर शिक्का बसंना."

तेव्हा काय चुकले ते दत्तोबांना कळले, आणि मलाही.

मित्रांनो, मी एक जुना लॅमिनेटर आहे. आजऱ्यात तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचे दुकान आहे, तिथे मी राहतो. लोक मला 'प्लास्टिक घालायचं मशीन' म्हणतात. माझ्या पोटात गरम रूळ आहेत. दोन प्लास्टिकच्या मध्ये कागद ठेवून तो माझ्या तोंडाशी धरला की मी तो आत ओढतो. मग तो कडक आणि चकचकीत होऊन बाहेर येतो. पण एक गोष्ट मला कुणी न सांगता कळली आहे. माझ्या पोटातून गेलेला कागद पुन्हा साधा कागद होत नाही. मला मागे फिरता येत नाही. म्हणून रूळ तापून माझा दिवा लालचा हिरवा झाला की मला भीती वाटते.

एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. खोक्यात बसून मी इथे आलो. दत्तोबा होडगे आणि त्यांची पत्नी शेवंताबाई यांनी मला बाहेर काढले. दत्तोबा झेरॉक्सवर बसायचे आणि मी शेवंताबाईंच्या वाट्याला आलो. त्या स्वतःच्या हाताने माझे झाकण पुसत, रुळांना चिकटलेला डिंक काढत. दसऱ्याला मला हळदकुंकू लावत. चष्मा काढला की माझ्याच झाकणावर ठेवत.

आमच्याकडे पाऊस असा की भिंतीवर टांगलेल्या तसबिरीलाही बुरशी येते. म्हणून माझ्याकडे सगळे येत. रेशनकार्डे आली, एसटीचे पास आले, देवांचे फोटो आले. मयत माणसांचे फोटो आले. मुलांचे पाढ्यांचे तक्तेही आले. कागद माझ्यातून बाहेर पडला की लोक तो उन्हात तिरका धरून बघत आणि खूश होत. मलाही बरे वाटे.

पण बारावीचा निकाल लागला की मला धडकी भरे. तेव्हा आईबाप मुलांचे मूळ दाखले, गुणपत्रके घेऊन येत. कागद जपायचा एवढेच त्यांना ठाऊक असे. शेवंताबाई कागद हातात घेत, उजेडाकडे धरत, वरपासून खालपर्यंत वाचत आणि मग विचारत, "प्रवेशाची तपासणी झाली का? सगळ्या सह्या आहेत?" नाही म्हटले की कागद परत. एकदा एक मामा हट्टालाच पेटले, तेव्हा त्या म्हणाल्या, "लोणचं मुरायच्या आधी बरणीला दट्ट्या मारता व्हय? कागद अजून चार हातांतनं जायचा हाय. मुरू दे की."

दत्तोबा चिडवत, ही बाई गिऱ्हाईक हाकलायलाच बसली आहे. त्यावर शेवंताबाई म्हणत, जातील कुठे, तपासणी झाली की इथेच येतील. आणि लोक खरेच परत येत. शेवंताबाईंना दुकानावर एक पाटी हवी होती: आधी तपासणी, मग प्लास्टिक. दत्तोबा हसून टाळत. म्हणत, "तू हाईस की बोलती पाटी. आनखी लाकडाची कशाला?"

माघात शेवंताबाई आजारी पडल्या. त्यांना गडहिंग्लजला दवाखान्यात नेले. दत्तोबा एकटेच परत आले.

त्यानंतर माझे रूळ कुणी पुसले नाहीत. शेवंताबाईंचा चष्मा माझ्या झाकणावर तसाच राहिला. दत्तोबा मला चालू करत, बंद करत, पण चष्म्याला हात लावत नसत. गिऱ्हाइकाशी फार बोलतही नसत. कागद आला की घेत आणि माझ्या तोंडाशी धरत. तपासणी झाली का, हा प्रश्न ते विचारत नसत. तो प्रश्न त्यांना येत नव्हता असे नाही. तो तिचा होता. त्यांनी तोंड उघडले तर तिचाच आवाज येईल, असे त्यांना वाटत असावे.

अशातच धाकलूमामा सोनलचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. ते धनगरवाड्यावर राहतात. छप्पर गळते, चुलीचा धूर असतो, आणि घरात माणसांइतक्याच शेळ्या. थोरल्या मुलाचे गुणपत्रक एका शेळीने खाल्ले होते. ते सांगताना मामा हसले होते, पण डोळे हसत नव्हते. या वेळी दाखला हातात पडताच ते थेट आमच्याकडे आले. सोनलला विचारलेसुद्धा नाही. "घाला प्लास्टिक," म्हणाले, "आता शेळीच काय, वाघ आला तरी चावता येऊ नये."

त्या दाखल्यावर जन्मतारीख खोडून पुन्हा लिहिलेली होती. खोडल्याजागी हेडसरांची सही आणि शिक्का घ्यायचा राहून गेला होता. शेवंताबाईंच्या नजरेतून ते सुटले नसते. दिवा हिरवा झाला. मला ओरडता येत नव्हते. मी दाखला आत ओढला.

आता सोनल सांगत होती. आज सकाळी कोल्हापूरला नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागद तपासले. खाडाखोडीपुढे सही-शिक्का घेऊन उद्या या, उद्या तपासणी बंद होते, असे तिथे म्हणाले. ती तशीच शाळेत गेली. कारकुनांनी शिक्का मारला, तर शाई प्लास्टिकवरून बोटाने पुसली गेली. हेडसर म्हणाले, प्लास्टिक काढून आणा, लगेच सही करतो. नाहीतर दुसरा दाखला, पण त्याला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागेल, आणि आज मिळेल असे सांगता येत नाही.

दत्तोबांनी मला चालू केले. ऊब दिली तर प्लास्टिक सुटेल, असे त्यांना वाटले. मित्रांनो, तेवढा मी कधीच घाबरलो नव्हतो. तोच दाखला पुन्हा माझ्यातून गेला. तो मऊ होऊन बाहेर आल्यावर दत्तोबांनी ब्लेडने एक कोपरा उचलला. प्लास्टिक सुटले, पण त्याबरोबर कागदाचे पापुद्रे निघाले, आणि शाळेच्या गोल शिक्क्याची एक कड त्या पापुद्र्यावर आली. दत्तोबांचा हात थांबला.

"काका, राहू द्या," सोनल म्हणाली. "आणखी फाडू नका."

धाकलूमामा खाली बसले. स्वतःच्या तळहातांकडे बघत म्हणाले, "शेळीनं खाल्लं असतं तर शेळीला बोल लावला असता. आता कुणाला लावू?"

मग दत्तोबा म्हणाले, "मला लावा. ती असती तर इचारलं असतं. म्या इचारलं न्हाई."

दुकानात शेवंताबाईंचे नाव त्या दिवसानंतर प्रथमच निघाले, आणि तेही नाव न घेता.

मग दत्तोबांनी माझ्या झाकणावरचा चष्मा उचलला. पुसला आणि डोळ्यांवर चढवला. अर्ज टाइप केला आणि शब्द न् शब्द वाचला. सोनलला आईचे नाव विचारले, जन्मतारीख दोनदा विचारली. प्रतिज्ञापत्रासाठी तिघेही समोर कचेरीत गेले. तिथून परत येऊन दत्तोबांनी मोटारसायकल काढली, सोनलला मागे बसवले आणि शाळेकडे गेले. मामा पावसात त्यांच्यामागे चालत निघाले.

घाईत दत्तोबा मला बंद करायला विसरले.

मित्रांनो, मी यंत्र आहे. समोर धरलेले सगळे मी आत ओढतो. तुमच्या कागदाची काळजी मी करू शकत नाही, ती तुम्हालाच करावी लागेल. सही बघा, शिक्का बघा, खाडाखोड बघा. तुमच्या घरात विचारणारे कुणी असेल तर त्याचा कंटाळा करू नका. ते माणूस गेले, तर त्याचा प्रश्न आपल्या तोंडात घ्या.

आता संध्याकाळ होत आली आहे. दत्तोबा अजून परतलेले नाहीत. माझा दिवा हिरवा आहे. पायरीवर एक बाई पदराखाली मुलाचा नवा दाखला धरून पाऊस चुकवत उभी आहे. तिने दोनदा आत डोकावून माझ्याकडे पाहिले.

सोनलच्या दाखल्याचे काय झाले, मला माहीत नाही. पाटी अजून लिहिलेली नाही.