नावरास

मनस्वीनं सुतळीचं एक टोक कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यावर बोटानं दाबून धरलं आणि दुसरं पुढे ताणलं. सुतळीला मारलेली गाठ पंख्याच्या अलीकडेच राहिली. मधल्या फटीत तिनं दोन बोटं घालून बघितली.

"बसतं, आजी. वर जागा उरते."

"काय बसतं?"

"ग्राफिक्स कार्ड. मुरबाडची हर्षालीताई तिचं विकतेय ना, तिनं लांबी कळवली, तेवढ्यावर ही गाठ मारली."

चंद्रकलेनं चहाचा कप खाली ठेवला आणि उघड्या लोखंडी डब्यात डोकावून पाहिलं. दिवाळीपासून ह्या डब्याचे भाग एकेक करून किन्हवलीच्या ह्या घरात येत होते. मनस्वी शहापूरला कॉलेजात जाई, कॉलेज सुटल्यावर शिकवण्या घेई, आणि हाताशी थोडं साठलं की कल्याणहून एखादा भाग घेऊन येई. ज्यावर गेम नीट खेळता येईल असा कॉम्प्युटर तिला स्वतः जोडायचा होता. येणारी प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूंशी जुळावी लागे. एकदा तिनं मेमरीची पट्टी आणली. दिसायला हवी तशीच, पण तिची खाच तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली. बोर्डावर बसेना. दुकानदार फोनवर म्हणाला, जरा जोर लाव, बसेल. मनस्वीनं जोर लावला नाही. पट्टी परत नेऊन दिली.

"म्हंजे लग्नासारखंच की गो," चंद्रकला तेव्हा म्हणाली होती, आणि दोघी खूप हसल्या होत्या.

आज तिला ते आठवलं, पण हसू आलं नाही. तिनं कप उचलून तोंडाला लावला. चहा फार गोड झाला होता. साखर बहुतेक दोनदा पडली होती.

शेखर, तिचा मुलगा नि मनस्वीचा बाप, काल भातसानगरला धरणावर पाळीच्या कामाला गेला होता. परक्या घरी पोरीला एकटी धाडणार नाय, आई, तू संगं जा, हे तो निघताना सगळ्यांसमोर बोलला. मग चपला घालायला म्हणून मागच्या पडवीत आला आणि त्यानं आवाज उतरवला.

"मुरबाडवरनं येताना सरळगावला उतर. महिपतच्या घरी. त्याचा पोरगा रविवारचा घरी असतो. तू घर बघून घे, त्यांनाही पोरगी दिसंल. तिला आधी बोलू नको, नायतर उतरायची नाय."

"आन् कशाला उतरलो म्हणून सांगू?"

"पाणी प्यायला. कार्ड मिळालेलं असंल, खुशीत असंल ती."

तेव्हापासून चंद्रकलेला एका जागी बसवत नव्हतं.

जीपमध्येही ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. दोन्ही बाजूंची शेतं कापून मोकळी झाली होती. खळ्यांवर भाताच्या उडव्या रचलेल्या. सरळगावच्या नाक्यावर माणसं चढली-उतरली, तेवढा वेळ ती समोरच्या आरशाकडे बघत राहिली. मनस्वी मात्र मांडीवरच्या टॉवेलची घडी नीट करत होती. कार्ड गुंडाळून आणायला तिनं घरातला सगळ्यात मऊ टॉवेल घेतला होता.

मुरबाडला एसटी स्टँडमागच्या गल्लीत घर सापडलं. दारात ताजी रांगोळी होती. हर्षालीची आई मालू इस्त्रीची साडी नेसून उंबऱ्यातच उभी होती. आतून पोह्यांचा वास येत होता.

"या, या मावशी. मुलगा नाय आला?"

"कोणचा मुलगा?"

"नाय, म्हंजे तुमच्यात आधी बायामाणसं बघून जात असतील." मालूनं मनस्वीकडे कौतुकानं पाहिलं. "ही बहीण वाटतं त्याची."

चंद्रकला दारातच थांबली. काल इथं फोन तिनंच केला होता. मोठ्या माणसानं बोललेलं बरं, असं शेखरचं म्हणणं. आणि ऐन वेळी त्या वस्तूचं नाव तिला आठवेना, म्हणून ती बोलून मोकळी झाली होती, 'तुमच्या हर्षालीचं बघायला येतो उद्या.'

"अगो बाय माझे! आमी कार्ड बघायला आलो. त्या कॉम्प्युटरचं."

मालूनं कपाळाला हात लावला आणि हसली, पण हसता हसता तिचे खांदे जरा उतरले.

"आन् मी सकाळपासून खोबरं किसत बसले. या, आता पोहे तरी खा. ते काय कार्ड बघायला आलेल्यांना चालत नाय असं नाय."

आतल्या दारात हर्षाली आली. अंगावर जरीकाठाची साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात पाण्याचा तांब्या. तिनं मनस्वीला पाहिलं, स्वतःच्या साडीकडे पाहिलं, आणि तांब्या हिंदकळला.

"तू मनस्वी? अगं, तू येणार ते मला माहीत होतं. पण आईचे पावणे नि माझे पावणे एकच असतील, हे कोणाला ठाऊक!"

"ताई, तुमी पसंत आहात," मनस्वी म्हणाली. "फक्त आमच्याकडे मुलगा नाय."

सगळ्याच हसल्या. चंद्रकलाही हसली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

आतल्या खोलीत मालूचं शिलाई मशीन होतं आणि त्याला लागून एका टेबलावर हर्षालीचा कॉम्प्युटर. ती तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. तिनंही हे सगळं असंच एकेक करून जमवलं होतं. दोघी पोरी लगेच त्यात बुडाल्या. कुठला बोर्ड, कुठला पंखा, कल्याणचा कुठला दुकानदार जुनं नवं म्हणून विकतो. चंद्रकलेला शब्द कळत नव्हते. पण तो सूर तिच्या ओळखीचा होता. लहानपणी वडील म्हशाच्या जत्रेला जात, तेव्हा बाजारात बैलांच्या पाठीवरनं हात फिरवत माणसं अशीच बोलायची.

"चालवून दाखवते," हर्षाली म्हणाली. तिनं साडीचा काठ खोचला आणि खुर्ची मनस्वीला दिली.

पडद्यावर डोंगर आला, धुकं आलं, एक बाई तलवार घेऊन उतारावरून धावायला लागली. धुकं खरं वाटावं असं हलत होतं. मनस्वीची बोटं चालू लागली. हर्षाली तिच्या खांद्यावरून वाकली.

"डावीकडे, डावीकडे! अगं मरशील! आता उडी!"

तिचा गजरा सुटून पाठीवर लोंबत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"ही अशी ओरडते बघा," मालू पोह्यांची बशी चंद्रकलेच्या हातात देत म्हणाली. "बदलापूरच्या लोकांनी शेजारी चौकशी केली. कोणीतरी सांगितलं, पोरगी रात्रीची दार लावून कोणाशी तरी बोलत असते. झालं, ते फिरकले नाय परत. आता पुढच्या रविवारी धसईचे येतायत. त्याच्या आत हे घरातनं गेलं पायजे. आज कार्ड, उद्या बाकीचं. तुमी नेऊनच टाका, मावशी."

हर्षाली ओरडायची थांबली.

मशीन बंद झालं. पंख्यांचा आवाज हळूहळू विरत गेला. हर्षालीनं बाजूचा पत्रा काढला, स्क्रू सोडवले आणि कार्ड अलगद ओढून बाहेर घेतलं. काळं, जड, दोन पंख्यांचं. त्यावर बारीक धूळ होती. तिनं फुंकर मारली आणि उरलेली धूळ जरीच्या पदरानं पुसली.

"अगो, साडी!" मालू म्हणाली.

मनस्वीनं टॉवेल उलगडून दोन्ही हातांवर पुढे धरला. हर्षालीनं कार्ड त्यावर ठेवलं नाही.

"तुझं कॅबिनेट कुठलं म्हणालीस?"

मनस्वीनं सांगितलं.

"त्याच्यात नाय बसणार हे."

मनस्वीनं टॉवेल खाली घेतला. तिचा उजवा हात कुर्त्याच्या खिशाकडे गेला. खिशात सुतळी होती. चंद्रकलेनं सकाळी तिला ती गुंडाळून ठेवताना पाहिलं होतं. हात आत गेला आणि आतच राहिला.

"लांब आहे," हर्षाली म्हणाली. ती मनस्वीकडे बघत नव्हती. "पुढच्या पंख्याला लागेल. तुझे पैसे फुकट जातील."

"काल तर बसतंय बोललीस ना गो?" मालूनं विचारलं.

"चुकून बोलले."

मालू मनस्वीकडे वळली. "जरा दाबून बसवलं तर?"

मनस्वीनं हात खिशातून बाहेर काढला. रिकामाच.

"नाय काकी, नाय जुळत. मला पण आत्ताच लक्षात आलं."

न जुळणाऱ्या वस्तूपुढे कोण काय बोलणार? हर्षालीनं कार्ड परत जागेवर नेलं, अंगठ्यानं हलकेच दाबलं. खट् असा बारीक आवाज झाला.

निघताना तिनं दारापर्यंत येऊन मनस्वीला सांगितलं, "कार्डाशिवाय चालतात असे पण गेम आहेत. पाठवते तुला. संध्याकाळी ऑनलाईन ये." आणि गजरा काढून तिच्या हातात दिला.

परतीच्या जीपमध्ये चढताना चंद्रकलेनं ड्रायव्हरला हळूच सांगून ठेवलं, सरळगावला थांब रे. मग खिडकीशी बसली. मुरबाड मागे पडलं. मनस्वीनं सुतळी काढली होती आणि ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आजी, जुळत होतं."

"मग बोलली का नायस?"

"तिला द्यायचं नव्हतं."

"आन् तुझा डबा?"

"राहील थोडे दिवस अर्धा. डबाच आहे, तो कुठं पळून जातोय."

चंद्रकला बाहेर बघू लागली. एका खळ्यावर झोडणी चालली होती, भाताची धूळ उन्हात उडत होती. असंच खळं होतं. थोरल्या बहिणीला, भिमाला, मागणी घालायला मध्यस्थ आला होता. भिमा उडवीमागे जाऊन बसली ती उठेचना. वडिलांनी हातातला पेंढा खाली ठेवला, घाम पुसला आणि म्हणाले, नावरास जुळत नाय. दोघांच्या नावांवरून राशी काढून बघायची पद्धत होती. पण बघणारा गावचा भटजी त्या आठवड्यात तापानं फणफणलेला होता, हे मध्यस्थालाही माहीत होतं. त्यानं मान डोलावली, चहा घेतला आणि गेला. कोणी रागावलं नाही. पुढेही दोन्ही घरं एकमेकांच्या हळदीला जात राहिली.

चंद्रकलेच्या वेळी वडील नव्हते. भावानं बघितलं. सगळं जुळलं.

"सरळगाव, सरळगाव!" जीप थांबली. ड्रायव्हरनं मान वळवली. "आजी, उतरा. तुमी बोललात ना?"

"इथं कशाला?" मनस्वीनं विचारलं.

नाक्यापलीकडच्या गल्लीत महिपतच्या घराचं निळं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. एक बाई पदर सावरत रस्त्याकडे बघत होती.

"पाणी प्यायचं व्हतं," चंद्रकला म्हणाली. "आता तहान नाय. चल रे बाबा, किन्हवली."

जीप निघाली. पिशवीतला फोन वाजू लागला तेव्हा नाकाही दिसेनासा झाला होता. शेखर होता. मागे धरणाच्या पाण्याचा आवाज येत होता, म्हणून तो मोठ्यानं बोलत होता.

"काय झालं, आई? कसं वाटलं?"

"जुळत नाय."

"कार्ड?"

"नावरास."

"नावरास? अगं, पोराचं नाव तरी मी तुला कुठं सांगितलं?"

शेजारी मनस्वीच्या बोटावरची सुतळी फिरायची थांबली.

"नाय जुळत, शेखर," चंद्रकला म्हणाली. "मला पण आत्ताच लक्षात आलं."